जुनं दोन इंजिनांचं विमान घ्यायचं, उडवायचं आणि सांभाळायचं कसं

आमचं पायपर कंपनीचं सेनेका टू, दोन इंजिनांचं छोटं विमान, घेऊन आता नऊ वर्षं झाली. मी मिशिगनमधे राहतो, नोकरी गाड्यांच्या कंपनीत, विमान निम्मं माझं आणि निम्मं माझ्या सांगलीच्या मित्राचं. १९७८ चं मॉडेल आहे. गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणांनी तोच प्रश्न विचारला, की सिंगल इंजिनवर दोन-तीनशे तास झालेत, आता ट्विन, म्हणजे दोन इंजिनांचं, घेऊ का, कुठलं घेऊ, खर्च झेपेल का. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतो. हे सगळं अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे आहे, भारतात स्वतःचं छोटं ट्विन ठेवणं हा वेगळाच विषय आहे, त्यात मी शिरत नाही.

आधी स्वतःला विचारा की दुसरं इंजिन पाहिजे कशासाठी. आमच्याकडे उत्तर सरळ होतं, मधे लेक मिशिगन आहे. लडिंग्टनहून पलीकडे मॅनिटोवॉकला जी मोठी फेरीबोट जाते तिला ६० मैल पार करायला चार तास लागतात, आणि मे महिन्यातसुद्धा ते पाणी इतकं गार असतं की त्यात उतरलेला माणूस बोट येईपर्यंत टिकेल याची खात्री नाही. सिंगलमधे आम्ही कायम शिकागोवरून दक्षिणेकडून वळसा घालून जायचो, किंवा पार व्हायचोच तर जितकं वर जाता येईल तितकं जाऊन घड्याळाकडे बघत बसायचो. तुमच्याकडे असं पाणी असेल, डोंगर असतील, रात्रीचं किंवा ढगातलं उड्डाण नेहमीचं असेल, तर ट्विनचा विचार करा. वर्षाला ४० तास उडवत असाल, रविवारी सकाळी शेजारच्या एअरपोर्टवर नाश्त्याला जाणं एवढंच असेल, तर मी कळकळीने सांगतो, घेऊ नका. पैशाचा प्रश्न नंतरचा, ४० तासांत हात तयार राहत नाही आणि हात तयार नसताना ट्विन हे सिंगलपेक्षा जास्त धोक्याचं आहे. माझ्या मते वर्षाला शंभर तास ही खालची रेघ.

आता ते धोक्याचं का, हे नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. लोकांना वाटतं दोनातलं एक इंजिन गेलं म्हणजे निम्मी ताकद गेली. ताकद निम्मी जाते हे खरं, पण वर चढण्याची क्षमता निम्मी राहत नाही. घरात नवरा-बायको दोघांचे पगार येतात असं धरा, घरखर्च जाऊन जे उरतं ती बचत. एकाचा पगार बंद झाला तर घरखर्च काही निम्मा होत नाही, तो तेवढाच राहतो आणि बचत मात्र जवळजवळ संपते. विमानाला हवेत सरळ ठेवायला जी ताकद लागते तो घरखर्च, आणि क्लाइंब म्हणजे बचत. आमचं सेनेका पूर्ण वजनाला, ४५७० पौंडांना, दोन्ही इंजिनांवर समुद्रसपाटीला मिनिटाला साधारण १३०० फूट चढतं, आणि एकावर सव्वादोनशे. तेही नवं विमान, बंद इंजिनाचा प्रॉप (पंखा) फेदर केलेला, म्हणजे त्याची पाती वाऱ्याला कड करून थांबवलेली, गिअर (चाकं) वर, फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) वर, पायलट एकदम चोख असं सगळं जमलं तर. फेदर करायचा राहिला किंवा गिअर खाली असला तर तेही नाही, खालीच जाणार. आणि ६००० पौंडांच्या आतल्या, ६१ नॉट किंवा कमी स्टॉल स्पीड (ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरत नाहीत तो वेग) असलेल्या जुन्या ट्विन्सना एका इंजिनावर चढलंच पाहिजे अशी सर्टिफिकेशनची अटच नव्हती, चढतं की उतरतं ते मोजून लिहा एवढंच. हे मला स्वतःला ट्विन शिकेपर्यंत माहीत नव्हतं.

उंचीचा हिशोब पण बघून ठेवा. पायपर सेमिनोल, ज्यावर अर्धी दुनिया ट्विन शिकते, तिची एका इंजिनावरची सर्व्हिस सीलिंग, म्हणजे ज्याच्या वर विमान जवळजवळ चढतच नाही ती उंची, पूर्ण वजनाला ३८०० फुटांच्या आसपास आहे. कळसूबाईचं शिखर ५४०० फूट. म्हणजे एक इंजिन बंद असलेली भरलेली सेमिनोल कळसूबाई ओलांडू शकत नाही, आणि डेन्व्हरजवळच्या सेंटेनियल एअरपोर्टवर, जो ५८८५ फुटांवर आहे, तिथे ती धावपट्टीवरच त्या मर्यादेच्या वर बसलेली असते. टर्बो (विरळ हवेतही इंजिनाला दाबून हवा देणारा पंप) असलेल्या सेनेका टू ची हीच मर्यादा १३ हजार फुटांच्या पुढे आहे, म्हणून आम्ही टर्बो घेतलं, आणि त्या टर्बोने खर्चाच्या बाजूला काय दाखवलं ते पुढे सांगतो.

कुठलं विमान घ्यावं यावर माझं मत असं. ट्विन कोमांचे देखणं आणि कंजूष, १६० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं, तासाला १६-१७ गॅलनमधे १६० नॉट देतं, दोन माणसं आणि बॅगा असतील तर त्याच्यासारखं दुसरं नाही, पण कमी स्पीडला ते माफ करत नाही, साठच्या दशकात ट्रेनिंगमधे त्याचे इतके अपघात झाले की त्याची व्हीएमसी, म्हणजे एका इंजिनावर विमान ताब्यात राहील असा कमीत कमी वेग, ८० वरून ९० मैल करावी लागली. अ‍ॅझ्टेक म्हणजे ट्रक, काहीही भरा, उचलतं, पण बऱ्याच अ‍ॅझ्टेकमधे हायड्रॉलिक पंप फक्त डाव्या इंजिनावर आहे, डावं गेलं तर गिअर हाताने पंप मारून वर घ्यावा लागतो आणि ते नेमकं तेव्हाच जेव्हा हात रिकामे नसतात. बॅरन हे माझं स्वप्नातलं विमान, उडवायला लोण्यासारखं, फक्त १९८४ च्या आधीच्या बऱ्याच बॅरनमधे थ्रॉटल मधोमध, प्रॉप डावीकडे आणि गिअर-फ्लॅपच्या दांड्यांची जागा बाकी विमानांच्या उलट, त्यामुळे लँडिंगनंतर फ्लॅप समजून गिअर ओढल्याचे प्रकार खूप झालेत. सेस्ना ३१० घेतलंत तर इंधनाची भानगड आधी पाठ करा. तिच्या मेन टाक्या पंखांच्या टोकाला आहेत आणि ऑक्झिलरी टाकीतून उडवताना इंजिनाने न वापरलेलं पेट्रोल परत मेनमधे जातं, म्हणजे मेन आधी तासभर तरी जाळून जागा केली नसेल तर ते जास्तीचं पेट्रोल व्हेंटमधून बाहेर हवेत जाणार आणि तुम्हाला वाटणार की अजून भरपूर आहे. स्कायमास्टरला एक इंजिन पुढे एक मागे, विमान एका बाजूला ओढत नाही, पण मागचं इंजिन टॅक्सी करताना गुपचूप बंद पडलं तरी कळत नाही, म्हणून जाणकार लोक टेकऑफला मागचा थ्रॉटल आधी पुढे करतात.

डायमंड डीए-४२ वेगळ्या पिढीचं. गोंदियाजवळ बिरसीला शिकणारी आपली पोरं त्यावर ट्विन करतात, दोनच लिव्हर, जेट फ्युएल, इंजिनाचा मास्टर स्विच बंद केला की प्रॉप आपोआप फेदर. त्यातला एक जण इथे आला तेव्हा आमच्या सेनेकाच्या सहा लिव्हर बघून गप्प बसला. पण नवं म्हणजे विचार करायला नको असं नाही. ४ मार्च २००७ ला जर्मनीत श्पायरला एका डीए-४२ ची बॅटरी उतरलेली होती, बाहेरून करंट देऊन इंजिनं चालू केली, टेकऑफनंतर गिअर वर घेताच व्होल्टेज पडला, दोन्ही इंजिनांचे कॉम्प्युटर रिसेट झाले आणि दोन्ही प्रॉप एकदम फेदर. मॅन्युअलमधे असं करू नका असं लिहिलेलं होतं. तर कुठलंही घ्या, त्याचं इंधन आणि त्याची वीज कुठून कुठे जाते हे कागदावर स्वतःच्या हाताने काढता आलं पाहिजे, चित्र काढता येत नसेल तर अजून ते विमान तुम्हाला कळलेलं नाही.

विमान बघायला जाल तेव्हा आधी लॉगबुक, मग विमान. किती तास झाले यापेक्षा गेल्या पाच वर्षांत दर वर्षी किती उडालं ते बघा. बसून राहिलेलं इंजिन वाईट, खासकरून लायकॉमिंग, कारण त्यात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो, तेल खाली उतरून जातं आणि कॅम गंजतो. विकणाऱ्याच्या मेकॅनिककडून प्री-बाय (घेण्याआधीची तपासणी) करून घेऊ नका, तो माणूस कितीही सज्जन असू दे. जॅकवर चढवून गिअर निदान चार वेळा वर-खाली करायला लावा. सेनेकाचा नोज गिअर मोडल्याच्या घटना झाल्यात, त्यावर एडी (सरकारचा सक्तीचा दुरुस्ती आदेश) आहे, ती पाळल्याची नोंद शोधा. टर्बो असेल तर एक्झॉस्टचे पाइप, सांधे, क्लॅम्प टॉर्च लावून. आणि नाकातला हीटर. सिंगलमधे इंजिनाच्या एक्झॉस्टच्या गरमीवर केबिन गरम होते, ट्विनमधे नाकात चक्क पेट्रोल जाळणारा हीटर असतो, त्याची प्रेशर टेस्ट ठरावीक मुदतीत करावीच लागते, आणि फ्लोरिडातून आलेल्या बऱ्याच विमानांत तो डिसकनेक्ट करून ठेवलेला असतो. मिशिगनमधे जानेवारीत ते कळून उपयोग नाही.

आम्ही पहिलं विमान बघितलं ते इंडियानात. रंग नवा, सीट नव्या, रेडिओ नवे, मित्र तर चेक लिहायच्या तयारीत. कॉम्प्रेशन सगळ्या सिलिंडरचं ठीक, डाव्या इंजिनाचं पाच नंबर ८० पैकी ६८ आलं, तेही चालण्यासारखं. आमच्या मेकॅनिकने स्पार्क प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) आत घातला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. चांगला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कसा दिसतो, तर सगळीकडून सारखी भाजलेल्या भाकरीसारखा, मधे गडद आणि कडेपर्यंत एकसारखा. हा एका कडेला हिरवट, पातळ झालेला, करपलेली कड जशी. तो म्हणाला, हा व्हॉल्व्ह अजून २० तास जाईल किंवा २०० जाईल, मला माहीत नाही, पण ज्याने हे इंजिन चालवलंय त्याने ते तापवून चालवलंय. आम्ही परत आलो. प्री-बायचे गेलेले पैसे मला अजूनही सगळ्यात चांगले खर्च केलेले वाटतात. चौथं विमान घेतलं, रंग उडालेला, सीटचं कापड फाटलेलं, आणि दर वर्षी सव्वाशे तास उडालेलं.

पैशाचं आता. मी आमचे गेल्या वर्षीचे आकडे देतो, ११० तास उडालं. तासाला २२ गॅलन, साडेसहा डॉलरने, म्हणजे इंधन १५ हजार ७०० च्या आसपास. एन्युअल, म्हणजे वर्षाची सक्तीची तपासणी, ८९००. इन्शुरन्स ५५००. हँगर ५४००. इंजिन फंड, हे लोक धरत नाहीत आणि मग रडतात: या इंजिनाचा टीबीओ, म्हणजे ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) करायच्या आधीचा काळ, १८०० तास, एका ओव्हरहॉलला मी किमान ५० हजार धरतो, म्हणजे तासाला एका इंजिनामागे २८ डॉलर, दोघांचे ५६, वर्षाचे ६१००. प्रॉप, मॅग्नेटो, टायर, बारीकसारीक ४०००. बेरीज ४५ हजारांच्या वर, म्हणजे तासाला ४१५ डॉलर, दोघांत वाटून माझे २३ हजार. आधीचं सिंगल आम्हाला याच्या निम्म्याहून कमी पडायचं. दोन इंजिनं म्हणून खर्च दुप्पट नाही, दुपटीहून जास्त, कारण हायड्रॉलिक, हीटर, पंखांवरचा बर्फ झाडणारे रबरी बूट, दोन टर्बो, दोन गव्हर्नर, सगळं वाढतं. विकत घेण्याची किंमत बघून निर्णय घेऊ नका, जुनी ट्विन्स स्वस्त मिळतात ती याच कारणाने. पार्टनर असेल तर घेण्याआधी करार लिहून काढा, एकाला विकायचं झालं तर किंमत कशी ठरवायची, आणि ज्याच्या हातून नुकसान होईल त्याने इन्शुरन्सचं डिडक्टिबल भरायचं, एवढ्या दोन गोष्टी तरी. आमची मैत्री कॉलेजपासूनची, तरी लिहिलं, आणि त्यामुळेच आजवर पैशावरून आवाज चढला नाही.

रेटिंगसाठी, म्हणजे ट्विन उडवायच्या परवान्यासाठी, इथे लेखी परीक्षा नाही, आणि आधीपासून प्रायव्हेट किंवा कमर्शियल लायसन्स असेल तर ट्विनसाठी ठरावीक तासांची अटही नाही, इन्स्ट्रक्टरने तयार म्हटलं की चेकराइड (उडवून दाखवायची परीक्षा). त्यामुळे वीकेंडमधे ट्विन करून देतो अशा जाहिराती दिसतात. चेकराइड पास होणं आणि ट्विन उडवता येणं यात खूप अंतर आहे. आमच्या इन्शुरन्सने मित्राला १५ तास आणि मला २५ तास इन्स्ट्रक्टरबरोबर उडवायला लावले, तेव्हा राग आला होता, आज वाटतं बरं झालं.

माझ्या इन्स्ट्रक्टर सत्तरीच्या बाई होत्या, आयुष्यभर बॅरन आणि ३१० मधे रात्रीची टपाल वाहतूक केलेल्या. ५००० फुटांवर त्यांनी नकाशा आडवा धरला म्हणजे थ्रॉटल दिसू नयेत, आणि एक मागे घेतला. नाक डावीकडे गेलं, मी उजवा रडर दाबला, विमान सरळ झालं आणि माझा हात लगेच प्रॉपच्या लिव्हरकडे गेला.

"पाय कुठला दाबलाय?"

"उजवा."

"रिकामा कुठला?"

"डावा."

"मग बंद कुठलं?"

"डावं."

"हात कुठल्या लिव्हरवर आहे?"

माझा हात उजव्यावर होता. चालू इंजिनाच्या प्रॉपवर. तिथे ओढला असता तर विमानाला एकही इंजिन राहिलं नसतं. तेव्हापासून मी कधी घाईने हात नेत नाही. ज्या बाजूचा पाय रिकामा त्या बाजूचं इंजिन गेलं, हे मोठ्याने बोलायचं, मग त्याच बाजूचा थ्रॉटल सावकाश मागे घ्यायचा, काही फरक पडला नाही तरच ते खरंच बंद आहे, आणि मगच त्याचा प्रॉप फेदर. घरी खुर्चीत बसून, डोळे मिटून, पाय आणि हात हलवून हे रोज पाच वेळा करा, बायकोला विचित्र वाटेल, वाटू दे.

फेदरबाबत एक बारकी गोष्ट जी पुस्तकात एका ओळीत असते. या विमानांत प्रॉप फेदरकडे न्यायचं काम स्प्रिंग आणि दाबलेला वायू करतो आणि तेलाचा दाब त्याला रोखून धरतो. तेल गेलं तर प्रॉप स्वतःहून फेदरकडेच जाईल, ते चांगलं. पण जमिनीवर रोज इंजिन बंद करताना फेदर होऊ नये म्हणून आत लॉकपिन असतात, त्या आरपीएम ८००-९५० च्या खाली गेला की अडकतात. म्हणजे हवेत इंजिन जॅम होत असेल आणि तुम्ही विचार करत बसलात तर पिन अडकणार आणि मग फेदर होणार नाही, तो प्रॉप ताटासारखा वाऱ्यात उभा राहणार.

स्पीडच्या घड्याळावरची लाल रेघ (व्हीएमसी) आणि निळी रेघ. सेनेका टू ला लाल ६६ नॉट, निळी ८९. लाल रेघेच्या खाली एक इंजिन बंद आणि दुसरं पूर्ण जोरात असेल तर रडर पुरत नाही, विमान बंद इंजिनाकडे वळतं आणि उलटं होतं, सेकंदांत. निळ्या रेघेवर एका इंजिनाचा सगळ्यात चांगला क्लाइंब मिळतो. चालू इंजिनाकडे थोडं झुकवायचं, दोन-तीन डिग्री, घसरण दाखवणारा बॉल अर्धा त्याच बाजूला. व्हीएमसीचा सराव एकट्याने करू नका, कधीच नाही. टर्बो नसलेल्या इंजिनात उंची वाढली की ताकद कमी होते म्हणून व्हीएमसी खाली येते पण स्टॉलचा स्पीड तिथेच राहतो, दोन्ही एकत्र आले की थेट स्पिन. इन्स्ट्रक्टरबरोबर, भरपूर उंचीवर, नाक वळायला लागताच थ्रॉटल कमी आणि नाक खाली. प्रॉप खरोखर फेदर करून बघायचा असेल तर जमिनीपासून ३००० फुटांच्या वरच.

टेकऑफ. अख्ख्या ट्विन उडवण्यातला सगळ्यात महत्त्वाचा एक मिनिट हा आहे आणि त्याचा निर्णय रनवेवर येण्याआधी व्हायला हवा. आमच्या विमानात मी आणि मित्र दोघेही, एकटे असलो तरी, मोठ्याने बोलतो. चाकं जमिनीवर आहेत आणि काहीही झालं तर दोन्ही थ्रॉटल बंद, ब्रेक. हवेत आहोत, गिअर खाली आहे, पुढे रनवे आहे, तर दोन्ही बंद आणि उतरायचं, शेवटी कुंपणात गेलो तरी चालेल, ४० नॉटने कुंपणात जाणं माणूस निभावतो. गिअर वर घेतला आणि निळी रेघ ओलांडली, तरच एका इंजिनावर उडायचं: सगळं पुढे, गिअर वर, फ्लॅप वर, कुठलं गेलं ते ओळख, खात्री कर, फेदर. आणि चौथं वाक्य, जे बरेच जण म्हणत नाहीत: चढत नसेल तर नाक खाली घ्यायचं आणि स्पीड राखून समोर जे मैदान असेल तिथे विमानाच्या ताब्यात राहून उतरायचं. स्पीड घालवून आशेने नाक वर धरलेली विमानं उलटी होऊन पडतात, त्यातून कोणी वाचत नाही. सेनेका टू मधे सगळं पुढे म्हणतानाही लक्ष हवं, कारण तिचा वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) फिक्स आहे, थ्रॉटल भिंतीला टेकवला तर दाबाची ४० इंचांची मर्यादा सहज ओलांडते, म्हणून हात सावकाश. पैसे असतील तर ऑटोमॅटिक वेस्टगेट बसवून घ्या.

वजनावर कडक राहा. सहा सीट आहेत म्हणून सहा माणसं नाहीत. आमचा नियम असा की उन्हाळ्यात, ३० डिग्रीच्या वर, पूर्ण वजनापेक्षा ४०० पौंड कमी आणि रनवे किमान ४००० फूट. आई-बाबा पुण्याहून आले होते तेव्हा मॅकिनॉ आयलंडला न्यायचं होतं, सगळे मिळून वजन जास्त होत होतं, तर मित्राने निम्म्या बॅगा गाडीने आणि पुढे फेरीबोटीने आणल्या. उलट पुढे दोघंच असाल तर सेनेकाचं नाक जड होतं आणि लँडिंगला फ्लेअर करताना, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, दोन्ही हात लागतात, त्यासाठी मागे पाण्याचे दोन कॅन बांधून ठेवा.

दोन्ही प्रॉपचा आवाज जुळवणं ही मला आवडणारी गोष्ट. थोडा जरी फरक असला तर केबिनमधे वूं...वूं...वूं अशी लाट येत राहते, एक लिव्हर केसभर हलवत गेलं की ती लाट लांबत जाते आणि मग एका क्षणी थांबते, तंबोऱ्याच्या तारा जुळल्यासारखी. तो आवाज ओळखीचा झाला की बिघाडही आधी कानाला कळतो.

तसंच झालं दोन वर्षांपूर्वी. जुलैअखेर ऑशकॉशची विमानांची जत्रा करून परत येत होतो, मी आणि मित्र, शेबॉयगनवरून पाण्यावर आलो, ९००० फूट, मस्केगनकडे. निम्म्या रस्त्यात ती लाट परत आली. मी प्रॉप जुळवला, दोन मिनिटांत पुन्हा. मित्र म्हणाला, "उजव्याचं ऑइल प्रेशर बघ." हिरव्या पट्ट्याच्या तळाला. मग त्याने खिडकीतून बघितलं आणि नॅसेलवर (इंजिनाच्या आवरणावर) मागच्या बाजूला काळा ओघळ, उन्हात चकाकत होता. पोटात गोळा आला, पण करायचं काय हे ठरलेलं होतं. आम्ही एकमेकांना मोठ्याने विचारलं, उजवं ना, उजवं, त्याने बोट लावलं, मी ओढलं. प्रॉप थांबला. इंजिन जॅम होईपर्यंत थांबलो नाही म्हणून फेदर नीट झालं. टॉवरला इमर्जन्सी सांगितली, लाजायचं नाही, सांगायची. १०० नॉटच्या आसपास स्पीड, उंची जवळपास टिकून, टर्बोची कृपा. किनारा ३० मैल होता, १७-१८ मिनिटं. त्या पाण्याकडे मी एकदाही बघितलं नाही, फक्त डाव्या इंजिनाचं तापमान आणि निळी रेघ. मस्केगनचा साडेसहा हजार फुटांचा रनवे समोर स्पष्ट दिसल्यावर गिअर, आणि पूर्ण फ्लॅप अगदी शेवटी, पोचणार याची खात्री झाल्यावर, कारण गिअर-फ्लॅप खाली असताना एका इंजिनावर गो-अराउंड (उतरणं सोडून परत वर जाणं) नाही. उतरल्यावर एका इंजिनावर टॅक्सी करायचा हट्ट केला नाही, टॅक्सीवेवर थांबलो आणि ओढून न्यायला लावलं.

कारण निघालं ऑइल फिल्टरचं गॅस्केट. निघायच्या आठवड्यात एका दुकानात ऑइल बदलून घेतलं होतं, तिथे जुन्या गॅस्केटचा तुकडा तसाच राहिला होता आणि त्यावर नवा फिल्टर बसवलेला. साडेसहा तास टिकलं ते. इंजिन वाचलं, ऑइल तळाला दोन क्वार्ट उरलं होतं.

त्या दिवसापासून दुकानातून विमान आलं की आम्ही असं करतो. आधी जमिनीवर इंजिनं गरम होईपर्यंत चालवायची, बंद करून दोन्ही काउलिंग (इंजिनांची झाकणं) उघडायची आणि जुनी पांढरी बनियन फाडून केलेल्या फडक्याने फिल्टर, होज, टर्बोच्या लाइन, सगळे सांधे पुसायचे. मग एकट्याने, दिवसा, फील्डच्या वर घिरट्या घालत अर्धा तास. उतरून परत काउलिंग उघडायची, नवं फडकं. दोन्ही फडकी खिडकीत उजेडाला धरून बघायची, आणि दुसरं कोरडं आलं तरच मागच्या सीटवर माणूस बसतो.